अकरा टक्के जीव

“आधी आंबे, मग बोडीत पोहाले!”

“हट्! आधी बोडी! दहा वाजले का पाणी असं तापते, अंडं टाकलं तर उकडून निघन!”

मे महिन्याची पंचवीस तारीख, सकाळचे सात. मोहाडीतल्या दोन घरांच्या मधल्या बुटक्या भिंतीवर रुचिका आणि धर्मेंद्र यांची सुट्टीतली रोजची लढाई जुंपली होती. रुचिका नववीत जाणार होती आणि धर्मेंद्र आठवीत, त्यामुळे आपण म्हणू तेच खरं, असं रुचिकाचं ठाम मत होतं. तिची धाकटी बहीण गुड्डी दोघांच्या मधे बसून पाय हलवत होती. तिच्या काडीसारख्या मनगटावर एक भलंमोठं स्मार्टवॉच होतं. काच तडकलेली, पडदा काळाठिक्कर! वरठीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या चुलतभाऊ विनोददादाच्या हातून ते रस्त्यावर आपटलं होतं, तेव्हापासून ते गुड्डीचं झालं.

“गुड्डी, तुझ्या मेलेल्या घड्याळात किती वाजले?” धर्मेंद्रनं चिडवलं.

“मेलं नाई हाय ते! फक्त दिसत नाई त्याले. जीव हाय त्यात. हे पाय!”

तिनं बटण दाबलं. घड्याळ गुर्रर्र करून थरथरलं.

आणि त्याच क्षणी धर्मेंद्रच्या घरातून किंकाळी आली.

तिघांनी भिंतीवरून उड्या टाकल्या. आत धर्मेंद्रची मोठी बहीण भावनाताई जमिनीवर बसली होती. पायात धावायचे बूट, एकाची नाडी सुटलेली. तळहातावर तिचं निळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं. त्याची काच एका बाजूनं उचलली गेली होती आणि फटीतून चांदीच्या रंगाचं काहीतरी डोकावत होतं, टम्म फुगलेल्या पुरीसारखं.

“बॅटरी फुगली,” धर्मेंद्र पुटपुटला.

“काय केलं तू याले?” भावनाताईनं मान वर केली. तिचा आवाज अगदी शांत होता. “धर्मेंद्र, खरं सांग.”

“मी? मी काहीच नाई केलं ताई! फक्त रुचिकाच्या घरून आणलं. बटण एकदाच दाबलं, टाइम पाहाले!”

“मग हे आपोआप झालं?”

हे काही साधंसुधं घड्याळ नव्हतं! नागपूरच्या एका धावपटू प्रशिक्षण केंद्रानं जिल्ह्यातल्या दहा मुलींना अशी घड्याळं दिली होती. चाळीस दिवस रोज पहाटे पाच किलोमीटर धावायचं. किती वेळात, कुठून कुठे, हृदयाचे ठोके किती, सगळं घड्याळातच साठत जाणार. आज चार वाजता निवड करणाऱ्या ललिता मॅडम वरठी स्टेशनवरून गाडी पकडणार होत्या. त्याआधी तिथल्या मैदानावर घड्याळ त्यांच्या हातात द्यायचं आणि नोंद त्यांच्या फोनवर उतरवायची. नोंद नाही, तर निवड नाही!

भावनाताईनं चौदा एप्रिलला, जयंतीच्या पहाटे, पहिली धाव घेतली होती. त्यानंतर एकही दिवस चुकला नव्हता. एक्केचाळीस दिवस! गेल्या वर्षी पाय मुरगळला म्हणून ती हुकली, आणि पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार. आज नाही तर कधीच नाही.

“ताई, आईले फोन लावू?” धर्मेंद्रनं विचारलं. त्यांचे आईबाबा लग्नासाठी बपेऱ्याला गेले होते.

“कायले? आई काय तिकडून बॅटरी पाठवणार?” भावनाताईनं घड्याळ पाटावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. “जा तू. मले तुझं तोंड नाई पाहायचं.”

धर्मेंद्रचे डोळे भरून आले. रुचिकानं त्याचा हात धरून त्याला अंगणात ओढलं.

“रडू नको. आधी सांग, काल काय झालं?”

काल दुपारी धर्मेंद्रच्या घरचा फेज उडाला होता. म्हणून भावनाताईनं घड्याळ रुचिकाच्या घरी चार्जिंगला लावलं आणि ती दाखल्यासाठी भंडाऱ्याला गेली. चार्जिंगसाठी घड्याळ काढायला परवानगी होती. संध्याकाळी सातला धर्मेंद्रनं ते घरी नेलं. बस्स, एवढंच!

“तवा लय गरम होतं ते,” धर्मेंद्र नाक पुसत म्हणाला. “मले वाटलं, चार्जिंगनं गरम झालं असन.”

रुचिकानं लगेच मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बाबुलालभाऊंना फोन लावला. पलीकडे बँडबाजा वाजत होता.

“मी वरातीत हावो!” बाबुलालभाऊ ओरडले. “हे घड्याळ घरी उघडत नसते, पोट्टे हो! त्याची बॅटरी नागपुरातबी मिळणार नाई. फेकून द्या! अन् फुगलेल्या बॅटरीले दाबू नका, टोचू नका, आगीजवळ नेऊ नका!”

फोन बंद झाला. सगळं संपलं होतं!

मग रुचिकाची नजर गुड्डीच्या मनगटावर गेली. धर्मेंद्रचीही गेली. एकच कंपनी, एकच माप. फक्त पट्टा काळा.

गुड्डीनं घड्याळ पाठीमागे लपवलं. “नाई! माझं हाय ते!”

“गुड्डी…”

“त्याचा जीव काढणार ना तुम्ही?”

आतून भावनाताईचा हुंदका ऐकू आला. फक्त एकच, दाबलेला. गुड्डीनं खालचा ओठ चावला, पट्टा सोडला, घड्याळाचं बटण शेवटचं एकदा दाबलं, गुर्रर्र ऐकलं, आणि ते रुचिकाच्या हातात ठेवून ती भिंतीकडे पळाली.

*

रुचिकाचे आईबाबा हातमागाच्या प्रदर्शनाला गेले होते. घरी होत्या मोठी आई, म्हणजे थोरल्या काकू कुसुमताई. त्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसून कोशाचं रेशमी सूत काढत होत्या. समोर उकडलेले कोसे, मांडीवर वळला जाणारा धागा. केसाहून बारीक, पण असा चिवट की तोडायला गेलं तर बोटच कापावं!

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग चष्मा कपाळावर सरकवला.

“मोठं माणूस जवळ असल्याबिगर हात नाई लावायचा. मी बसते. काय काय पायजे?”

“लहान पेचकस, स्क्रू काढाले,” धर्मेंद्र म्हणाला. तो मघापासून मोबाइलवर बॅटरी बदलण्याचा एक हिंदी व्हिडिओ चार वेळा बघत होता.

“चष्म्याचा हाय माझा.”

“सुकी रेती. मडक्यात.”

“गुड्डी, आण.”

“अन् एक पातळ वस्तू पायजे. बॅटरी खालून चिकटवलेली असते. लोखंडाचं काही घातलं अन् ते टोचलं, तर आग! व्हिडिओत प्लास्टिकची पट्टी हाय. पण फुगलेल्या बॅटरीखाली पट्टी शिरतच नाई. धागा पायजे. एकदम बारीक, पण तुटता कामा नये असा!”

तो बोलता बोलता थांबला. सगळे कुसुमताईंच्या मांडीकडे बघायला लागले.

“बाप्पा!” कुसुमताई हसल्या. “साडीले नेणार होती मी हे.”

सगळं जमवून बसेपर्यंत दुपारचे बारा वाजले. आधी गुड्डीचं घड्याळ. ते पत्र्यावर पाच मिनिटं ठेवलं. मे महिन्यातलं मोहाडीचं ऊन! डिंक लोण्यासारखा मऊ झाला आणि तडकलेली काच अलगद निघाली. दोन इवलेसे स्क्रू रुचिकानं ताटलीत ठेवले आणि श्वाससुद्धा जपून घेतला. बांबूच्या बारीक काडीनं धर्मेंद्रनं बॅटरीची पिन उचलली. टक्! धाग्यानं डिंक कापला. नखाएवढी बॅटरी वर आली.

मग भावनाताईचं घड्याळ. हे उन्हात ठेवायचं नव्हतं, दाबायचंही नव्हतं. पिन निघाली. मग फुगलेल्या बॅटरीखालून धागा घातला. एक टोक रुचिकाच्या हातात, दुसरं धर्मेंद्रच्या.

“ओढायचं नाई,” कुसुमताई कुजबुजल्या. “सरकवायचं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. धागाच डिंक कापते, तुम्ही नाई.”

सर्र… सर्र… घाम रुचिकाच्या भुवयांवरून टपकत होता. हे बिघडलं तर ताई आयुष्यात पुन्हा बोलणार नाही, हे धर्मेंद्रच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सर्र… सर्र… अर्धं झालं… आणखी थोडं…

“काय करून राहिले रे पोट्टे हो?”

सगळे दचकले! दारात रुचिकाचे मोठे बाबा, म्हणजे थोरले काका टेकचंद, उभे होते. पोट पुढे, तोंडात पान. घड्याळ बघताच त्यांचा चेहरा क्षणभर विचित्र झाला. मग ते मोठ्यानं हसले.

“फुगली? त्यात काय! सायकलच्या ट्यूबसारखं. टाचणी मारा, हवा काढा, बसन खाली!”

आणि त्यांनी खरोखरच शर्टाच्या बाहीतून टाचणी काढली! त्याच वेळी बॅटरी सुटून ताटलीत पडली. मोठ्या बाबांनी ती उचलली…

“नाई!” रुचिका किंचाळली. तिनं त्यांच्या मनगटावर असा फटका मारला की टाचणी एकीकडे उडाली आणि बॅटरी दुसरीकडे. ती फरशीच्या कडेवर आपटली. बारीक फुस्स असा आवाज झाला.

“मागे व्हा!” कुसुमताईंनी मडकं उचलून सगळी रेती तिच्यावर पालथी घातली. रेतीच्या ढिगातून पांढऱ्या धुराची रेघ निघाली. घाणेरडा, गोडसर वास! सगळे अंगणात पळाले. धूर दाट झाला, मग विरळ, मग थांबला.

मोठ्या बाबांच्या तोंडातलं पान गळून पडलं होतं.

“तुमच्या हातात असती तर?” कुसुमताईंनी विचारलं.

ते मान खाली घालून बाहेर निघून गेले.

*

“तू दाब,” धर्मेंद्र म्हणाला.

“नाई, तू.”

शेवटी भावनाताईनंच बटण दाबलं. गुड्डीच्या घड्याळातली बॅटरी बसवून होईपर्यंत दोन वाजत आले होते. ती कधी मागे येऊन उभी राहिली, कोणाला कळलंच नव्हतं.

काळा पडदा. काळाच. काळाच…

आणि उजेड! आकडे आले! “एक्केचाळीस धावा,” भावनाताईनं वाचलं. सगळ्या शाबूत! रुचिकानं गुड्डीला उचलून गर्रकन फिरवलं.

“थांबा,” धर्मेंद्र म्हणाला. “बॅटरी अकरा टक्के.”

“मग चार्ज कर ना!”

त्यानं चार्जर लावला. काहीच झालं नाही. घड्याळ पालथं करून बघितलं, आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. चार्जिंगचे दोन्ही ठिपके जळून काळे झाले होते.

“हे घड्याळ आता चार्ज होणारच नाई. बॅटरी आधी गुड्डीच्या घड्याळात भरून घ्यायले पायजे होती! मी मूर्ख हावो!”

“पुन्हा काढून भरू?”

“पिन एकदा वाकली हाय. दुसऱ्यांदा तुटन.”

अकरा टक्के. वरठी अर्ध्या तासाच्या रस्त्यावर. भावनाताईनं पडद्याचा उजेड अगदी कमी केला, पण त्याआधी तिला आणखी एक गोष्ट दिसली.

“हे कोणाचं?”

शेवटची नोंद काल संध्याकाळची होती. पाच बावन्न. चालणं, दीड किलोमीटर. ठोके एकशे एक्कावन्न.

“मी तवा भंडाऱ्यात होती. हे माझं नाई!” भावनाताईनं नोंद पुन्हा वाचली. “मॅडमचा पहिलाच नियम हाय. घड्याळ दुसऱ्याच्या हातावर दिसलं, तर नाव कट. मागच्या वर्षी एकीसाठी तिचा भाऊ धावला होता.”

“मग पुसून टाक!” धर्मेंद्र म्हणाला. “एक बटण दाबायचं हाय. कोणाले समजते?”

भावनाताईचं बोट त्या बटणावर गेलं. तिथेच थांबलं.

“नाई,” ती म्हणाली. “एक खोटं केलं तर बाकीच्या एक्केचाळीसवर मीच कसा विश्वास ठेवू?”

रुचिकाला एकदम चेव आला. “मग कोणी घातलं ते शोधू! धर्मेंद्र, ते काळे ठिपके पुन्हा दाखव.”

ठिपक्यांच्या बाजूला, निळ्या पट्ट्याच्या रबरावर बारीक खुणा होत्या. चार या बाजूला, चार त्या बाजूला. दात!

“उंदीर?” रुचिका म्हणाली.

“चिमटा!” गुड्डी ओरडली. “मोठ्या बाबाच्या झटका मशीनले असेच दातवाले चिमटे हायेत! एक लाल, एक काळा!”

मोठ्या बाबांच्या बांधीत, म्हणजे शेतात, उन्हाळी धान उभं होतं. रानडुकरांनी येऊ नये म्हणून भोवती तार आणि त्या तारेला झटका देणारी मशीन. तिची ती भलीमोठी बॅटरी, मोटारीच्या बॅटरीएवढी!

धर्मेंद्र आणि गुड्डी सायकलवर सुसाट सुटले. पंचवीस मिनिटांत घामानं निथळत परत आले. गुड्डीच्या मुठीत कागदाची पुडी. लाल चिमट्याच्या दातांत अडकलेला निळ्या रबराचा कण!

“म्हणजे असं झालं,” रुचिका म्हणाली. “घड्याळ आमच्या घरी चार्जिंगला होतं. मोठ्या बाबानं मिरवायले घातलं. रोजचा पानठेला, मग बांधी. तिथे बॅटरी संपत आली. आता बोंब होणार म्हणून त्याईनं झटका मशीनवरच चार्ज केलं! अन् गुपचूप आणून ठेवलं!”

भावनाताईनं धर्मेंद्रकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याच वेळी बाहेर मोठ्या बाबांच्या मालवाहू ऑटोचा आवाज आला.

“मी सोडतो वरठीले,” ते दारातूनच म्हणाले. “चला, जल्दी बसा.”

“मोठे बाबा,” रुचिकानं सरळच विचारलं, “काल संध्याकाळी ताईचं घड्याळ तुम्ही घातलं होतं ना?”

“मी?” त्यांनी कुसुमताईंकडे चोरून पाहिलं. “छे! मी कायले घालू? काल तर माझं पोट दुखून राहिलं होतं!”

“पोट दुखत होतं अन् चार भाकरी खाल्ल्या?” कुसुमताई म्हणाल्या.

“बसायचं असन तर बसा!” ते गरजले.

*

नऊ टक्के. आठ. मागच्या हौद्यात धानाच्या रिकाम्या पोत्यांवर रुचिका, धर्मेंद्र आणि गुड्डी आदळत होते. भावनाताई पुढे बसली होती. तिनं घड्याळ ओल्या रुमालात गुंडाळून छातीशी धरलं होतं.

“तो निळा कण दाखवला तर मॅडम मानतीन?” धर्मेंद्रनं विचारलं.

“म्हणतीन, तुम्हीच चिमटा लावला. मोठ्या बाबाच्याच तोंडून यायले पायजे.” रुचिका विचार करत होती. दीड किलोमीटर… ठोके एकशे एक्कावन्न…

वरठीच्या अलीकडे ऑटो थांबला. समोर मोटारसायकलींचा समुद्र! तीनची पाळी सुटली होती आणि पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता. हॉर्न, धूर, ऊन. सव्वातीन झाले. तीन पंचवीस. एक इंचही पुढे नाही!

“सहा टक्के!” भावनाताई ओरडली. तिनं दार उघडलं, सुटलेली नाडी करकचून बांधली, आणि धावायला लागली.

मोटारसायकलींच्या मधून, सायकलींच्या बाजूनं, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात! पाळी संपवून निघालेले कामगार वळून वळून बघायला लागले. “अरे, बाजू द्या! पोरीले बाजू द्या!” कोणीतरी ओरडलं. मागून रुचिका आणि गुड्डीचा हात धरलेला धर्मेंद्र. त्यांच्या मागे, ऑटो एका झाडाखाली सोडून, हाशहुश करत मोठे बाबा!

मैदानावर ललिता मॅडम पिशवी भरत होत्या. भावनाताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं फक्त घड्याळ पुढे केलं. तीन टक्के.

मॅडमनी काहीही न विचारता फोन काढला. नोंदी उतरायला लागल्या. दहा… सतरा… चोवीस… दोन टक्के. तीस… छत्तीस… एक टक्का! चाळीस… एक्केचाळीस… बेचाळीस!

पडदा विझला.

“आली सगळी,” मॅडम म्हणाल्या. रुचिका धपकन मातीत बसली. पण मॅडमच्या कपाळावर आठी पडली. “भावना, काल संध्याकाळचं हे चालणं कोणाचं?”

“माझं नाही, मॅडम.”

“मग घड्याळ दुसऱ्या कोणाच्या हातावर होतं?”

“हो. मी चार्जिंगला लावलं होतं. तेवढ्यात कोणीतरी घातलं.”

“कोणी?”

भावनाताईनं मोठ्या बाबांकडे पाहिलं नाही. ते जमिनीकडे बघत होते. मॅडमनी खोल श्वास घेतला. “नियम तुला माहीत आहे ना, बेटा?”

हाच क्षण होता! रुचिका उठली.

“मॅडम, एक विचारू? साधं चालताना ठोके एकशे एक्कावन्न असले, तर त्या माणसाला काही झालेलं असतं का?”

मॅडमनी फोनकडे निरखून पाहिलं. “हो, हे बरंच जास्त आहे. नुसत्या चालण्यानं एवढे वाढले असतील, तर त्या माणसानं लवकर डॉक्टरला दाखवायला हवं. हलगर्जी करून चालणार नाही.”

“म्हणजे लय सिरियस?” मागून एक बारीक आवाज आला.

“ज्याचं आहे त्यालाच तपासावं लागेल. पण कोणाचं आहे हेच माहीत नाही, तर सांगणार कोणाला?”

“आणि त्या माणसाला कळणारसुद्धा नाही!” रुचिका हळहळली. “बिचारा!”

मोठ्या बाबांनी छातीवर हात ठेवला. मग दुसरा हात ठेवला. कपाळावरून घामाची धार लागली.

“मॅडम!” ते एकदम पुढे आले. “मी होतो! मीच घातलं! पानठेल्यावर दाखवाले नेलं, मग बांधीवर गेलो, बॅटरी उतरली तं झटका मशीनले लावलं! ह्या पोरीची काही चूक नाई! धर्मेंद्रचीबी नाई! मले दवाखान्यात न्या!”

गुड्डी खुदकन हसली आणि ललिता मॅडमनाही हसू आवरेना.

“झटका मशीनला?” त्यांनी जळालेले ठिपके पाहिले. “मग हे चालू कसं झालं?”

तिघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. कोशाचा धागा, मडकं, टाचणी, धूर, गुड्डीचं घड्याळ! मॅडमनी सगळं ऐकलं. मग भावनाताईकडे वळल्या.

“ही नोंद तुला पुसता आली असती.”

“हो, मॅडम.”

“चार्जिंगला काढायची परवानगी मीच दिली होती. दुसऱ्यानं चोरून घातलं, त्याची शिक्षा धावणारीला नाही. तुझे एक्केचाळीस दिवस जमा.” त्यांनी वहीत खूण केली. “दहा जूनला नागपूरला ये. आणि मुलांनो, फुगलेल्या बॅटरीला पुन्हा हात लावू नका. पण आज ज्या डोक्यानं आणि ज्या हातांनी हे केलंत ना, त्यांना माझा सलाम!”

गाडीची शिट्टी झाली. मॅडम पळत सुटल्या.

भावनाताई धर्मेंद्रसमोर गुडघ्यांवर बसली.

“उद्या पाच वाजता उठशीन?” तिनं विचारलं. “माझ्यासंगं धावाले?”

धर्मेंद्रनं मान हलवली आणि मग मात्र तो रडलाच.

*

डॉक्टरांनी मोठ्या बाबांना तपासलं. हृदय ठणठणीत होतं, फक्त पोट फार होतं. “रोज चाला,” त्यांनी लिहून दिलं. कुसुमताईंनी तो कागद मागाच्या खांबाला चिकटवला. “या पोट्ट्याईनं घड्याळ वाचवलं, पोरीचं नशीब वाचवलं, अन् तुमचं पोटबी वाचवतीन,” त्या म्हणाल्या आणि तिघांच्या हातांवर कोशाचा एकेक धागा बांधला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पाच वाजता तलावाच्या बांधावरून एक वरात निघायची. सगळ्यात पुढे भावनाताई. तिच्या मागे धर्मेंद्र, मग रुचिका. आणि खूप मागे, टॉवेलनं मान पुसत, मोठे बाबा.

त्यांच्या बाजूनं गुड्डी चालायची. तिच्या मनगटावर तेच काळ्या पट्ट्याचं घड्याळ, आतून पोकळ. बॅटरी नव्हती, म्हणून पावलं ती स्वतःच मोजायची, मोठ्यानं.

“सातशे तीन! सातशे चार! थांबू नका मोठे बाबा, घड्याळ पाहून राहिलं!”